पिंपळाची जाळी

"मामा, आज तरी झाली का जाळी?" वाडग्यावर वाकत सहा वर्षांच्या भाचीने विचारले.

दसऱ्याला आम्ही दोघांनी पिंपळाचे पान पाण्यात भिजत घातले होते. हिरवेपण कुजून गेले की उरलेली जाळी कागदावर चिकटवायची आणि तिच्या आईसाठी भेटकार्ड करायचे, असा बेत होता. "जाळी झाली की आई दवाखान्यातून येईल," असे मीच बोलून बसलो होतो.

ताई गेली त्याला आता पाच दिवस झाले होते. तिच्या लेकीला ते सांगायला माझी जीभ रेटत नव्हती. परवा सकाळी जाळी पूर्ण झालेली दिसली, तेव्हा मी ती हळूच खिडकीबाहेर टाकली आणि वाडग्यात नवे पान सोडले.

"अजून नाही गं. भलतंच चिवट पान निघालं हे," मी म्हणालो.

दप्तरातून तिने चित्रकलेची वही काढली आणि तिच्यात जपून ठेवलेली, वाळलेली जाळी उजेडात धरली.

"ही खिडकीखाली सापडली. जाळी तर झाली होती, मामा. मग आई का नाही आली?"