अर्धा पडदा

“बाबा, पूर्ण पडदा घेऊ या. दुपारचं ऊन थेट तुमच्या डोळ्यांवर येतं,” दुकानात जाड निळं कापड उलगडत मी म्हणाले.

“अर्धाच हवा. पलंगावरून वरची काच दिसली पाहिजे.”

“अर्धे पडदे आता दवाखान्यात असतात. आणि तिथून दिसतं तरी काय?”

“तुला काय करायचंय? खोली माझी, ऊनही माझं.” दुकानदार हसला. बाबांनी पांढरं सुती कापड निवडलं, शिंप्याकडे टाकलं आणि येताना मला बळेच उसाचा रस पाजला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते उठले नाहीत.

तेरावं झाल्यावर शिंप्याने पडदा आणून दिला. मी तो त्यांच्या म्हणण्याप्रमाणे अर्ध्याच खिडकीला लावला आणि सरळ बसलाय का हे बघायला त्यांच्या पलंगावर आडवी झाले.

पडद्याच्या वरून समोरच्या इमारतीतलं एकच घर दिसत होतं, माझं. संध्याकाळ झाली होती आणि माझ्या स्वयंपाकघरात मी येताना लावून ठेवलेला दिवा दिसत होता.

“बाबा,” त्या रिकाम्या खोलीत मी मोठ्याने म्हणाले, “तुमचा दिवा मालवलेला दिसल्याशिवाय मीही कधी झोपले नाही.”