हिरवी बाही

पेठेतल्या तालमीच्या फुटबॉल संघाची पिवळी जर्सी पहिल्यांदाच अंगात घालून हिंदवी आरशासमोर गिरक्या घेत होती. पण डावी बाही तेवढी हिरवी का? वस्ताद म्हणाले, "शुभ असतंय." बाबा म्हणाले, "पूर्वीपासनं हाय."

मग तिनं आत्याआजीला गाठलं.

"कापड कमी पडलं गं! पयल्या सामन्याचे सदरे मीच शिवले. शेवटी लग्नातल्या हिरव्या शालूचा पदर कापून डाव्या बाह्या लावल्या. तीच रीत पडली."

"मग जिंकलो का?"

"मला काय ठावं? बायकांना मैदानात कोण नेतंय? गच्चीवरनं नुसता गलका ऐकला."

हिंदवीनं तिच्या चपला आणून समोर ठेवल्या. "उठ आज्जे! आज आम्हा पोरींचा सामना हाय. पुढच्या रांगेत बसायचं."

आत्याआजीनं पदर खोचला. "शिट्टी मारली तर चालतंय न्हवं?"