केबिनवाला ट्रेलर

"अरे, आईंना खुर्ची द्या रे!" रत्नाला बघून ट्रेलर विकणारा ओरडला. सर्जेरावानं मान खाली घातली. रत्ना त्याची आई नव्हती, बायको होती.

"हा नवा घ्या. आत वेळच थांबतो. द्राक्षं दिल्लीत उतरवली तरी आत्ता तोडल्यासारखी! गाडी आपली आपण चालते, तुम्ही मालासोबत आत झोपायचं."

वीस वर्षं सर्जेराव असल्याच ट्रेलरमध्ये मालासोबत झोपत आला होता. तो तिशीतच राहिला, आणि रत्ना घरी वाट बघून पिकली.

"जुना, नुसता माल गार ठेवणारा थंडीवाला आहे का?" सर्जेरावानं विचारलं. " पुढं केबिन असलेला, हातानं चालवायचा?"

"आहे. पण त्यात माणूस पार दमतो हो, म्हातारा होतो!"

"होऊ दे."

रत्ना खुर्चीतून उठली. "केबिनला सीटा दोन आहेत ना, तेवढं बघून घ्या. एकटीनं दमायचा कंटाळा आला मला."