खिडकीजवळचं टेबल

“आमची सगळी टेबलं जुन्या होड्यांच्या फळ्यांची आहेत बरं का, आजोबा,” पाण्याचे ग्लास ठेवत वेटर कौतुकानं म्हणाला. “लोक मुद्दाम बघायला येतात.”

“ते राहू दे. तू आधी सूप आण,” म्हाताऱ्याचा मुलगा घाईनं म्हणाला. तो इथला मॅनेजर होता. वेटर निघून गेला.

म्हातारा होडीवाला खिडकीतून बघत होता. इथे पूर्वी कोळशाचं गोदाम होतं. आता पांढरे रुमाल घडी घालून ठेवले होते. शेजारच्या शेडमध्ये चित्रं टांगली होती. धक्क्याच्या पायऱ्यांवर दोन पोरी व्हायोलिन वाजवत होत्या आणि माणसं आइस्क्रीम खात ऐकत उभी होती. आपल्या मुलाचं हॉटेल बघायचं म्हणून त्यानं नवा शर्ट घातला होता. इस्त्री काही जमली नव्हती. ते काम बायकोचं होतं.

“बाबा, मासा घ्या. इथला मासा खायला लांबून लांबून माणसं येतात.”

“लांबूनच येणार. जवळच्याला परवडायला नको?”

मुलगा मोठ्यानं हसला. जरा जास्तच मोठ्यानं.

होडीवाल्यानं खुर्ची पुढे ओढायला टेबलाची कड धरली. वरून लाकूड आरशासारखं गुळगुळीत होतं. खालच्या अंगाला मात्र कुणी रंधा फिरवला नव्हता. त्याची बोटं सवयीनं दोन फळ्यांच्या सांध्यावरून सरकत गेली आणि टोकाशी थांबली. तिथे एक खळगा होता. अंगठ्याचा. त्याच्या नव्हे, बारीक अंगठ्याचा.

त्याची बायको होडीच्या फटीत कापूस ठासायची, त्यावर राळेचं लुकण भरायची आणि सांधा संपला की शेवटी खूण म्हणून अंगठा दाबून ठेवायची. “म्हणजे तुम्ही पुन्हा ठोकत बसायला नको,” म्हणायची. मग तो वरून होडीत पाणी ओतायचा आणि ती खाली उताणी पडून सांध्यांना तळहात लावायची. “ओता अजून,” खालून ओरडायची. “एक थेंब नाही!”

त्यानं पुढचा सांधा चाचपला. टोकाशी तसाच खळगा. त्याच्या पुढच्यालाही.

दवाखान्यातल्या खाटेवरून तिनं दोघांना सांगितलं होतं, होडी दाराशी उलटी टाकून वाळवू नका, पाण्यात राहू द्या. मुलानं तिचा हात हातात घेऊन हो म्हटलं होतं. ती गेल्यावर होडी चालवायला पलीकडच्या काठावरचा होडीवालाही त्यानंच शोधला. होडी तो स्वतः पोचवून आला. निदान घरी येऊन तसं म्हणाला होता.

“काय शोधताय, बाबा? चमचा पडला का?”

“नाही रे.” हात टेबलाखालीच ठेवून म्हाताऱ्यानं विचारलं, “आपली होडी कशी आहे?”

मुलानं रुमालाची घडी मोडली, पुन्हा घातली. “होडी ना? मस्त. परवाच फोन आला होता त्याचा. रोज उतारू नेतो म्हणाला.”

“गळत नाही ना?”

“छे! एक थेंब आत येत नाही म्हणाला.”

“नीट विचारलंस ना?”

“अहो बाबा, विचारलं. आईशप्पथ.”

सूप आलं. म्हातारा मुलाकडे बघत राहिला. कपाळ आईचं, हनुवटी आईची. लहानपणी ताप आला की असाच नजर चुकवायचा, औषध नको म्हणून.

मग त्यानं उजव्या हातानं पाण्याचा ग्लास उचलला आणि टेबलावर सावकाश ओतायला लागला. सांध्याच्या रेषेवरून, या टोकापासून त्या टोकापर्यंत. तो संपला तसा मुलाचा ग्लास घेतला.

“बाबा! अहो, करताय काय? लोक बघतायत!”

पाणी पसरलं, काट्या-चमच्यांखालून वाहत गेलं आणि पलीकडच्या कडेवरून मुलाच्या मांडीवर ठिबकायला लागलं. वेटर फडकं घेऊन धावला. मुलगा उठून उभा राहिला होता.

म्हाताऱ्याचा डावा हात अजून खालीच होता, उताणा, फळ्यांना लावलेला. त्यानं तो बाहेर काढला, दिव्याखाली धरून नीट पाहिला आणि मुलापुढे केला.

“खरं आहे तुझं,” तो म्हणाला. “एक थेंब नाही.”