वर नेलेलं सगळं

कळसूबाईच्या पायथ्याशी प्रवेशाचा पास देताना वनरक्षकाने बजावलं, "वर नेलेलं सगळं परत खाली आणायचं. काही ठेवून यायचं नाही."

आईने माझ्याकडे पाहिलं. माझ्या वडिलांची, तात्यांची, पानाची चंची शिखरावर ठेवायला आम्ही निमगाव केतकीहून आलो होतो. ते गेले, आणि त्यांचं इथं चढायचं राहूनच गेलं.

सबंध वाट आई कमरेच्या चंचीला टोमणे मारत होती. "बांधावर चढतानाबी तुमी धापा टाकत हुता. आता बरं माझ्या कमरेला बसून निघालाय!"

शिखरावर मी म्हणाले, "ठेव की आता. कोण बघतंय?"

तिने चंची काढली, पुसली आणि पुन्हा कमरेला खोचली.

"न्हाय बाई, सरकारचा नियम हाय. चला हो, घरी."