पाटावरचा पाना

दसऱ्याच्या सकाळी मोहनरावांचा फोन आला तेव्हा कलीमभाई वर्कशॉपच्या दारात बसून नटबोल्टचे पाने डिझेलनं धूत होते. मालक एवढंच म्हणाले, की यंदा पाटावर सायलीचाही पाना ठेवा.

कलीमभाई हातातलं काम तसंच सोडून उभे राहिले. केजच्या त्या ट्रॅक्टर वर्कशॉपात पूजेच्या पाटावर फक्त कायम माणसांचे पाने लागत. शिकाऊ पोरांनी नारळ फोडावा, पेढे वाटावेत. त्यांचं हत्यार काही पाटावर चढत नसे. मोहनरावांच्या वडिलांनी घालून दिलेला रिवाज होता तो. त्यामुळे मालकांच्या त्या एका वाक्याचा अर्थ कलीमभाईंना कुणी उलगडून सांगायला नको होता.

सायली आत ट्रॅक्टरांना झेंडूच्या माळा बांधत होती. तिचं शिकाऊ म्हणून वर्ष आजच भरत होतं. कायम झालीस तर ठीक, नाहीतर दिवाळीनंतर तुझं लग्न उरकून टाकते, असं आईनं, तुळजाबाईनं, तिला बजावून ठेवलं होतं. कलीमभाईंनी मालकांकडे तिच्यासाठी शब्द टाकला होता. आपले डोळे आता अधू झाले, इंजिनाच्या बारीक कामाला ही पोरगी असू द्या, म्हणून. मालक म्हणाले होते, बघू दसऱ्याला.

शिकाऊ पोरं वर्कशॉपच्या सामाईक पेटीतले पाने वापरत, त्यामुळे सायलीचा असा एकही पाना नव्हता. कलीमभाईंनी आपल्या पेटीच्या तळातून सोळा-सतरा नंबरचा पाना काढला. चौसाळ्याच्या वाहेद मिस्त्रींनी, कलीमभाईंच्या उस्तादांनी, तो त्यांना दिला होता. मिस्त्री माणूस आपला पाना आयुष्यात एकदाच देतो. दिला, की शिकणारा बरोबरीचा झाला.

"घे," ते सायलीला म्हणाले. "आजपासून मला उस्ताद म्हनायचं न्हाई. कलीमभाई म्हन."

सायलीनं पाना दोन्ही हातांनी घेतला. तसं म्हणून बघायला गेली, पण 'कलीम'पाशीच अडखळली आणि हसली. तिथं उभा असलेला दुसरा मेकॅनिक, प्रवीण, म्हणाला की आता कायम माणसांसारखी चहाचे पैसे द्यायची पाळी तुलाही चुकणार नाही. ती मागच्या बाजूला जाऊन आईशी फोनवर बोलून आली. आली तेव्हा डोळे पुसलेले होते आणि पुसताना गालाला ग्रीस लागलं होतं.

थोड्या वेळानं मोहनराव आले. सोबत शिकाऊंच्या सरकारी योजनेचे एक साहेब आणि फोटोवाला. पाने ओळीनं पाटावर मांडले गेले, हळदकुंकू वाहिलं, नारळ फुटला. फोटोवाल्यानं सायलीला पाटाशेजारी बसवलं, पान्याकडे बोट करायला लावलं. साहेब चार शब्द बोलले. जागोजागी काम आहे पण कुशल हात नाहीत, ती उणीव अशा मुलीच भरून काढतील, असं त्यांचं म्हणणं. सगळ्यांत जोरात टाळ्या कलीमभाईंनी वाजवल्या.

मग मोहनरावांनी आपल्या गाडीकडे बघून हात केला. गाडीतून कोऱ्या निळ्या शर्टातली एक मुलगी उतरली.

"हिचा बी घ्या एक फोटो," मोहनराव म्हणाले. "मुहूर्ताचा दिवस हाय. आजपासून ही आपली शिकाऊ."

कलीमभाईंनी मालकांना बाजूला घेतलं आणि सायलीचं काय, म्हणून विचारलं. मोहनराव चिडले नाहीत. लहान मुलाला समजवावं तसं त्यांनी सांगितलं, की तिचं वर्ष भरलं, प्रमाणपत्र मिळेल. शिकाऊ माणसाचा भार सरकार थोडाफार उचलतं, कायम माणसाचा सगळा मालकाच्या डोक्यावर.

"मग तिचा पाना पाटावर कावून ठेवाय लावला, मालक?"

"साहेबांना फोटोत कायतरी दिसाय नको का?" मोहनरावांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "आन् तुमी कावून नाराज होता, कलीमभाई? तुमच्या हाताखाली वर्षात माणूस तयार होतंय. तुमी हायत तवर मला कायम माणूस कशाला लागतंय?"

कलीमभाईंची नजर आपल्या हातांवर गेली. डिझेलनं हात धुतले तरी नखांतला काळा रंग तसाच होता.

सायली फार लांब उभी नव्हती. पूजेला लावलेलं हत्यार त्या दिवशी कुणी हलवत नाही. तिनं पाटावरून तो पाना उचलला, कुंकवासकट, आणि कलीमभाईंसमोर धरला. तिला कुणी अडवलं नाही.

"तुझा हाय तो," कलीमभाई म्हणाले.

"नेऊन काय करू? घरात एक नट न्हाई फिरवायला."

तिनं पाना त्यांच्या हातात ठेवला. प्रवीणनं पेढ्यांचा पुडा पुढे केला, तेव्हा तिनं एक पेढा घेऊन ओढणीच्या टोकाला बांधला. आईसाठी असावा.

"येते, उस्ताद," ती म्हणाली आणि स्टँडच्या रस्त्याला लागली.

पाटावर दोन पान्यांच्या मध्ये जागा रिकामी झाली होती. फोटोवाला म्हणाला, इथं काहीतरी ठेवा, बरं दिसत नाही. मोहनरावांनी नव्या मुलीला खूण केली. तिनं सामाईक पेटीत हात घालून हाताला लागला तो पाना काढला, त्या जागेवर ठेवला, वाकून नमस्कार केला. मग लाजत कलीमभाईंकडे वळली.

"उस्ताद, माझं नाव..."

"राहू दे," कलीमभाई म्हणाले.