बागेनं ताट सारलं

केळीच्या बागेनं कालपासून युरियाला तोंड लावलं नव्हतं. ठिबकची चावी झाडांच्या मुळांशी जोडल्यापासून बाग हवं ते स्वतःच मागून खायची, आणि आजवर तिनं ताट कधी सारलं नव्हतं. मागच्या साली करपा रोगानं सगळं पीक गेलेलं. द्वारकाबाई धावतच बागेत आल्या. "घे गं माझे बाई, दोन घास तरी घे," म्हणत त्यांनी हातानं चावी उघडली. बागेनं ती खटकन बंद केली.

तेवढ्यात सून हेमांगी बागेची मागणी दाखवणारा मोबाइल नाचवत आली. "आत्याबाई, पोटॅश मागतेय! नुसतं पोटॅश!"

द्वारकाबाई बांधावर मटकन बसल्या आणि हसतच सुटल्या. "आजारी कुठली! डोहाळे लागलेत तिला. आता केळफूल येणार बघ. घेऊ दे हवं तेवढं. हिरवी साडी तर ती आधीच नेसून बसलीय."